आत्तीला दिसत नाही, अण्णांना दिसतं, मला अर्धवट: आरपीच्या जनुक चाचणीची हकीकत

आरपीचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या एका आनुवंशिक आजाराचं, निदान झाल्यावर पहिले काही आठवडे मी रात्री जागून मराठीत शोधत होते, की आता पुढे नक्की करायचं काय. रोगाची व्याख्या जागोजागी सापडली. गाजर, त्रिफळा, अंगठीतले खडे हेही सापडले. पण रक्त कुठे द्यायचं, पैसे किती लागतात, रिपोर्ट यायला किती वेळ जातो आणि त्यात काहीच निघालं नाही तर काय, हे कोणी लिहिलेलं दिसलं नाही. माझी ही सगळी धावपळ मार्च २०२४ मध्ये संपली. पुढच्या माणसाला जरा सोपं जावं म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. मला जसं समजावलं गेलं आणि नंतर वाचून जसं उमगलं, तसं सांगते.

आरपी म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधारात कामाला येणाऱ्या रॉड पेशी यात आधी मरतात. उजेडात आणि रंगांसाठी लागणाऱ्या कोन पेशी नंतर. त्यामुळे आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, आणि समोरचं बऱ्याच जणांना बरीच वर्षं साथ देतं. जगात साधारण ४,००० माणसांत एकाला हा आजार असतो. नागपूरकडच्या खेड्यांत झालेल्या एका पाहणीत मात्र प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ७५० मध्ये एक निघालं होतं. तेव्हा हा 'फार दुर्मीळ' आजार आहे असं कोणी म्हणालं, तर आपल्याकडे तितकासा नाही, एवढं लक्षात असू द्या.

मी कोल्हापुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. रात्री मला कमी दिसतं हे शाळेपासून माहीत होतं, पण आमच्या घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं. आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, तसंच होतं. आत्तीला, म्हणजे वडिलांच्या बहिणीला, तर चाळिशीतच काठी लागली. गावात बोललं जायचं, की यांच्या घरात पोरींनाच रातांधळेपणा येतो. त्याला पुरावा म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. वय ६८, आणि अजून रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी पाजायला बांधाबांधाने बॅटरी न लावता जातात.

जानेवारी २०२३ मध्ये वेगळंच सुरू झालं. बाजूला उभं राहून कोणी कागद पुढे केला तर तो मला दिसेना. अर्ध्या उघड्या दाराची कड कपाळाला लागायची. वाचायला मात्र काही अडचण नव्हती, सहा पॉइंटातली तळटीपसुद्धा नीट दिसायची. चष्म्याच्या दुकानात नंबर निघेना, तेव्हा तिथल्याच माणसाने सांगितलं, "ताई, डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जाऊन पडदा बघून घ्या."

पहिल्या डॉक्टरांनी थेंब घालून पडदा पाहिला. कडेने काळे डाग पसरलेत म्हणाले. आरपी आहे, औषध नाही, वर्षाने या. तीन वाक्यांत काम आटोपलं. फी ६०० रुपये. बाहेर येऊन मी रिक्षात बसले, पण थेंबांमुळे मोबाइलवर कुणाचा नंबरही वाचता येत नव्हता. (थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. सोबत माणूस न्या, गॉगल न्या, गाडी चालवत जाऊ नका.)

त्यांनी दिलेली माहिती खरीच होती, पण अपुरी होती. आरपीच्या रुग्णाला वर्षाला एकदा तरी ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) करावी लागते, कारण पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते आणि तिच्यावर थेंब किंवा गोळ्या आहेत. मोतीबिंदूही लवकर येतो आणि त्याची शस्त्रक्रिया होते. 'औषध नाही' ऐकून कित्येक जण पुढे तपासायला जातच नाहीत आणि बरं होण्यासारखं तेवढंही हातचं जातं. हे मला फेब्रुवारीत पुण्याला गेल्यावर कळलं.

पुण्यातल्या रुग्णालयात सकाळी आठला नंबर लागला आणि संध्याकाळी सहाला सुटका झाली. तपासणी ८००, ओसीटी १,५००, फील्ड ९००, पडद्याचे खास फोटो १,२०० आणि ईआरजी २,८०० रुपये. फील्ड टेस्टमध्ये एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ एकही ठिपका येत नाही तेव्हा आपण नापास होतोय असं वाटू लागतं. तंत्रज्ञ मुलगी चांगली होती. म्हणाली, "दिसत नसेल तर दाबू नका. अंदाजाने दाबलंत की आलेख बिघडतो." दोन्ही डोळ्यांचं क्षेत्र मधल्या ३० अंशांच्या आसपास उरलं होतं.

ईआरजीबद्दल जास्त लिहिते, कारण तिची मला सर्वांत जास्त भीती होती. आधी काळोख्या खोलीत वीसेक मिनिटं बसवतात, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. मग डोळ्यात सुन्न करणारा थेंब घालून पापणीच्या आतल्या बाजूला केसासारखा बारीक धागा ठेवतात आणि प्रकाशाचे झोत टाकतात. दुखत नाही, चुरचुरतं. पडदा उजेडाला किती वीज देऊन उत्तर देतो ते त्या धाग्यातून मोजलं जातं. माझ्या रॉड पेशींची रेघ जवळजवळ सपाट होती. काळोखातल्या त्या वीस मिनिटांत आत्तीची फार आठवण झाली. तिला ही तपासणी कुणी कधी केलीच नाही, तिला फक्त 'देवाची मर्जी' सांगितली गेली. पडद्याचे फोटो ईआरजीनंतर काढायला सांगा, आधी काढले तर त्या झगमगाटातून डोळे सावरायला पुन्हा वेळ द्यावा लागतो.

तिथल्याच डॉक्टरांनी जनुक चाचणीचं सुचवलं. मी सरळ विचारलं, "औषध नाही तर नाव कळून काय उपयोग?" त्यांनी तीन कारणं सांगितली. आरपी शंभराच्या आसपास जनुकांपैकी कुठल्याही बिघाडाने होऊ शकतो आणि जे काही उपचार येतायत ते जनुकागणिक वेगळे आहेत. प्रत्येक जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेली, पडद्याच्या आनुवंशिक आजारावरची पहिली जनुकोपचार पद्धत फक्त आरपीई६५ या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्यांसाठी आहे. दुसरं, घरात पुढे कुणाला किती धोका आहे ते नाव कळल्याशिवाय सांगता येत नाही. तिसरं कारण ऐकून मी चमकले. 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या काही जण आपल्या मनाने घेतात आणि पडद्याच्या काही जनुकांच्या आजारात त्या अपायकारक ठरतात.

मार्चमध्ये जनुक समुपदेशकांशी व्हिडिओ कॉल झाला, तासाला १,५०० रुपये. त्यांनी वंशावळ काढायला घेतली: बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी माणूस काळा भरलेला. तीन पिढ्या लागतात. आधी घरी बसून सगळ्यांची वयं, दिसणं कधीपासून कमी झालं, ऐकू कमी येतं का, नात्यात लग्न झालंय का, हे विचारून ठेवा. आमच्याकडे ही माहिती काढायला फोनावर आठवडा गेला, कारण मावश्यांचं एकमत होईना. आत्तीला कोणती औषधं चालू आहेत तेही समुपदेशकांनी विचारलं. आमवातासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू होतं. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्या डॉक्टरांना आजच सांगा, की पडद्याचा आजार आहे." ते का, ते पुढे येईलच. आत्तीच्या डॉक्टरांनी औषध बदललं.

एप्रिलमध्ये जांभळ्या टोपणाच्या नळीत चार मिली रक्त दिलं. संमतीपत्रात एक प्रश्न हमखास असतो: शोधत नसलेल्या आजारांचं काही आढळलं तर कळवायचं का? याचं उत्तर घरूनच ठरवून जा, काउंटरवर ठरत नाही. माझं उत्तर 'नाही' होतं. सगळ्या जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणाऱ्या या एक्झोम चाचणीला २२,००० रुपये पडले. विमा कंपनीने बाह्यरुग्ण तपासणी म्हणून एक रुपयाही दिला नाही.

मे संपताना रिपोर्ट आला. आजाराचा उलगडा करणारा कोणताही दोष आढळला नाही. खाली एक ओळ होती: यूएसएच२ए या जनुकाच्या एका प्रतीत अर्थ अनिश्चित असलेला बदल. मी रात्री ते नाव शोधलं. त्यात डोळ्यांबरोबर कानही जातात असं वाचलं आणि सकाळपर्यंत घड्याळाची टिकटिक येते का ते ऐकत पडले. समुपदेशकांनी दुसऱ्या दिवशी समजावलं, की त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच आजार होतो आणि एका प्रतीतले असे बदल कितीतरी निरोगी माणसांत असतात. शिवाय तुमच्या घरात आजार आजीकडून आत्तीला आणि पुढच्या पिढीत तुम्हाला आलाय. असं पिढ्यांतून उतरतं तेव्हा बहुतेक वेळा एकच बिघडलेली प्रत पुरेशी असते.

इथे अनेक जण थांबतात. रिपोर्ट कोरा आला, विषय संपला. समुपदेशकांनी मला एक प्रश्न लिहून दिला आणि प्रयोगशाळेला मेल करायला सांगितलं: "मोठे तुकडे गळालेत का, हे या चाचणीत तपासलं आहे का? विशेषतः पीआरपीएफ३१?" एक्झोम चाचणी जनुकाचे बारीक बारीक तुकडे वाचते. एखादं अक्षर बदललं तर ती पकडते, पण एका प्रतीतला अख्खा भागच नसेल तर दुसऱ्या प्रतीतला मजकूर वाचून तिला सगळं आलबेल वाटू शकतं. त्यासाठी प्रतींची संख्या मोजणारी एमएलपीए नावाची वेगळी चाचणी असते. आणि आजार मध्येच एक पिढी गाळतो तेव्हा डॉक्टरांना पहिला संशय ज्या जनुकाचा येतो ते हेच, पीआरपीएफ३१.

प्रयोगशाळेकडून उत्तर यायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. तपासलं नव्हतं. जुन्या माहितीचं पुन्हा विश्लेषण त्यांनी फुकट केलं, त्यात 'संशयास्पद' असा शेरा आला. एमएलपीएसाठी नवं रक्त आणि ९,००० रुपये. जुलैत रक्त दिलं. तो नमुना कुरिअरमध्ये खराब झाला म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा दिलं, या वेळी पैसे न घेता.

मधल्या काळात अपंगत्व प्रमाणपत्राचं काम उरकलं. २०१६ च्या कायद्यानुसार नजर ६/६ असली तरी दृष्टिक्षेत्र ४० अंशांच्या आत आलं असेल तर ते 'अल्पदृष्टी'त मोडतं, आणि १० अंशांच्या आत आलं की अंधत्वात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा: आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा. मग जिल्ह्याच्या रुग्णालयात मंडळ बसतं त्या दिवशी हजर राहायचं. पहिल्यांदा मला परत पाठवलं, कारण समोरच्याने अक्षरांचा तक्ता दाखवला आणि मी तो खालच्या ओळीपर्यंत वाचला! "तुम्हाला तर सगळं दिसतंय की." पुढच्या वेळी फील्डचे दोन्ही डोळ्यांचे आलेख, ईआरजी आणि पुण्याच्या डॉक्टरांचं पत्र फाइलच्या वरच लावून नेलं. ४० टक्के आले, पिवळं कार्ड. जुन्या कररचनेत आयकर कायद्याच्या कलम ८०यू खाली ७५,००० रुपयांची वजावट मिळाली. बाकी काही नाही तरी चाचण्यांचा थोडा भार त्यातून हलका झाला. आलेखाच्या छापील प्रती जपा, काही महिन्यांत त्यांची शाई उडते. फोटो काढून ठेवा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये एमएलपीएचा रिपोर्ट आला. पीआरपीएफ३१ जनुकाच्या १४ एक्झॉनपैकी (एक्झॉन म्हणजे जनुकातले कामाचे तुकडे) काही सलग एक्झॉन एका प्रतीत नाहीतच. शेरा: रोगकारक. मला आनंद झाला, हे लिहायला विचित्र वाटतं, पण झाला.

हे जनुक १९ व्या गुणसूत्रावर आहे. त्याचा आरपीशी संबंध २००१ मध्ये उघड झाला. यीस्टमध्येही त्याचा भाऊबंद आहे आणि तो काढून टाकला तर यीस्ट जगत नाही. दोन्ही प्रती नसलेले उंदीर गर्भातच मरतात. म्हणजे हे कुठल्या एका अवयवाचं जनुक नाही. ते नसेल तर जगणंच नाही, अशा अत्यावश्यक जनुकांपैकी ते आहे. त्याचं काम मला माझ्याच धंद्यातून कळलं. जनुकाची जी पहिली नक्कल निघते ती कच्च्या गॅलीसारखी, म्हणजे न तपासलेल्या पहिल्या मुद्रितासारखी असते, मध्ये मध्ये नको असलेला मजकूर भरलेला. तो कापून उरलेला भाग जोडणारी जी टोळी पेशीत असते, तिचा पीआरपीएफ३१ हा एक सभासद. त्याच टोळीतल्या आणखी काहींच्या बिघाडानेही आरपी होतो: पीआरपीएफ३, पीआरपीएफ८, एसएनआरएनपी२००.

मग मी तेच विचारलं जे सगळे विचारत असतील. हे काम यकृताला, हृदयाला, कातडीला, सगळ्यांना लागतं. मग फक्त माझे डोळेच का?

डिसेंबरच्या भेटीत पुण्याच्या डॉक्टरांनी यावर बराच वेळ दिला. रांगेतल्या लोकांची चुळबुळ बाहेर ऐकू येत होती. शरीराचं बहुतेक काम एका प्रतीतल्या निम्म्या मालावर निभावतं. पडद्याचं निभत नाही, कारण तिथला कामाचा रेटाच अचाट आहे. रॉड पेशीच्या टोकाचा साधारण दहावा हिस्सा रोज गळतो आणि तेवढाच नवा बनतो, दहाएक दिवसांत अख्खं टोक नवं. एका डोळ्यात अशा सुमारे १२ कोटी रॉड पेशी. गळलेली टोकं त्यामागचा आरपीई नावाचा एकपदरी थर खाऊन पचवतो, आणि सकाळी उजेड झाल्यावर सर्वांत जास्त. हा थर काय किंवा रॉड पेशी काय, मेल्या की जागी नव्या येत नाहीत. जन्मभर तेवढ्याच पेशींवर भागवायचं.

इथे ऑटोफॅजी येते. पेशी आपलीच बिघडलेली प्रथिनं, जुने झालेले भाग एका पटलात गुंडाळते आणि लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे पोचवते. तिथे आम्लात ते विरघळून पुन्हा वापरात येतात. ही यंत्रणा यीस्टमध्ये उलगडून दाखवल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. आरपीई थर गळलेली टोकं पचवतो तेव्हा याच यंत्रणेतली काही प्रथिनं कामाला लागतात. उंदरांच्या रॉड पेशींतून ऑटोफॅजीला लागणारं एटीजी५ हे जनुक काढलं तर त्या पेशी हळूहळू मरतात. आत्तीच्या औषधाचाही खुलासा इथेच झाला. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लायसोसोममधली आम्लता कमी करतं, त्यामुळे पचनाचं हे काम अडतं. पडदा निरोगी असेल तर योग्य मात्रेत आणि नियमित तपासणीत ते औषध लाखो लोक सुखाने घेतात. आधीच दुबळ्या पडद्याला मात्र तो धोका का पत्करायचा?

पीआरपीएफ३१ आणि ही यंत्रणा यांचा संबंध इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी दाखवला. त्यांनी रुग्णांच्या पेशी घेऊन, त्यांना मूळपेशींच्या रूपात परत नेऊन, त्यांपासून प्रयोगशाळेत आरपीई पेशी वाढवल्या. २०१८ मध्ये त्यांना दिसलं, की कापण्या-जोडण्याच्या कामात सर्वांत जास्त गोंधळ याच पेशींत होतो. २०२२ मध्ये पुढचं आलं: या पेशींत चुकीच्या घडीची प्रथिनं साठून गुठळ्या होतात, कचरा काढायची यंत्रणा त्याखाली थकते, आणि रॅपामायसिन देऊन ऑटोफॅजी वाढवली तर गुठळ्या कमी होऊन पेशी जास्त तगतात.

मी वहीत 'रॅपामायसिन' लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली. डॉक्टरांनी ते पाहिलं. म्हणाले, "ती बशीतली पेशी आहे, तुम्ही अख्ख्या बाई आहात." ते औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं, मूत्रपिंड बदललेल्यांना देतात. आणि त्या रुग्णांतले दोष छोटे होते, त्यांच्यात बिघडलेलं प्रथिन बनत होतं. माझ्यात मोठा तुकडाच नाही, तेव्हा तसंच घडत असेल असं धरून चालता येत नाही. मग त्यांनी दुसऱ्या बाजूचं सांगितलं. रोडॉप्सिन (रॉड पेशींतलं उजेड टिपणारं प्रथिन) बनवणाऱ्या जनुकातल्या पी२३एच या दोषाच्या उंदरांमध्ये ऑटोफॅजी वाढवली तर पडदा जास्त वेगाने खराब झाला आणि कमी केली तर टिकला. आजाराचं नाव तेच, आरपी. जनुक बदललं की उपाय उलटा.

हे इतकं सविस्तर लिहायचं कारण आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप. माझं निदान कळल्यापासून चुलतभाऊ रोज एक व्हिडिओ पाठवत होता: सोळा तास उपाशी राहा, ऑटोफॅजी सुरू होते, डोळे सुधारतात, नोबेल मिळालंय. नोबेल मिळालंय हे खरं. उपाशीपोटी ऑटोफॅजी वाढते हेही खरं. त्यापुढची उडी कुणीही माणसांत सिद्ध केलेली नाही, आणि पडद्यात ती हवी तेवढीच वाढेल, नको तेवढी नाही, याची हमी व्हिडिओवाला देत नाही. आमची आजी एकादशी, चतुर्थी, गुरुवार, श्रावणातले सोमवार, काही म्हणता काही चुकवायची नाही. उपासाने पडदा सुधरत असता तर तिला गरुडासारखं दिसायला हवं होतं. मी हे ग्रुपवर लिहिलं आणि चुलतभाऊ दोन महिने बोलला नाही.

आता अण्णा. मला दोष आजीकडून यायचा तर वाटेत अण्णा लागतातच. त्यांच्यात तो असायलाच हवा, आणि त्यांना तर चांदण्यात साप दिसतो. समुपदेशक म्हणाल्या, पीआरपीएफ३१ ची हीच खोड आहे. दोष असूनही काही जणांना आजार होत नाही. ज्यांची दुसरी, चांगली प्रत जोरात काम करते ते वाचतात. तो जोर काहीसा त्याला आवर घालणाऱ्या सीएनओटी३ या शेजारच्या जनुकावर आणि पीआरपीएफ३१ च्या आधी असलेल्या एका पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर अवलंबून असतो. अण्णांना ती जोरकस प्रत आजोबांकडून मिळाली असावी. मला चांगली प्रत आईकडून आली. ती अगदी निरोगी आहे, फक्त बिघडलेल्या जोडीदाराची भरपाई करण्याइतकी तिची धाव नाही.

अण्णांची चाचणी करायची का, यावर घरात जानेवारी २०२४ मध्ये बसून बोललो. आई नको म्हणाली. अण्णा म्हणाले, "माझं मला बघायचंय. माझ्यापास्नं आलं का न्हाई, कळू दे." ठरलेला दोषच तपासायचा असल्यामुळे खर्च ४,५०० रुपये. मार्चमध्ये उत्तर आलं: तोच तुकडा त्यांच्याही एका प्रतीतून गळालेला आहे. मी त्यांना चांगल्या-वाईट प्रतीचं पुन्हा सगळं सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे बायकांचं काय नव्हतं ह्यात." त्यांच्या आईला आणि बहिणीला आयुष्यभर ऐकून घ्यावं लागलेलं ते एक वाक्य त्यांनी एका दमात पुसलं. त्या रात्री त्यांनी आत्तीला फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही.

घरातल्यांची चाचणी करताना एक सांगते. समुपदेशकांनी अण्णांना वेगळं घेऊन, आम्ही कुणी समोर नसताना, 'नाही म्हटलंत तरी चालेल' असं सांगितलं होतं. हे तुमच्याकडे झालं नाही तर मागून घ्या. मोठ्या माणसांना मुलांसमोर नाही म्हणता येत नाही.

एकूण खर्च प्रवास धरून पन्नास हजारांच्या आसपास गेला. आज माझ्यासाठी उपचार नाही. ऑस्ट्रेलियातल्या पीवायसी थेरप्युटिक्स या कंपनीचं व्हीपी-००१ नावाचं औषध माणसांवरच्या चाचणीत आहे. ते डोळ्यात टोचून देतात आणि सीएनओटी३ ला आवर घालून चांगल्या प्रतीचं उत्पादन वाढवायचं, अशी त्यामागची कल्पना. म्हणजे अण्णांना जे जन्मतः मिळालं तेच बाहेरून घडवून आणायचं. चाचणीतली औषधं बऱ्याचदा मध्येच गळतात, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. कुठल्याही चाचणीत नाव घालायचं तर जनुकाचं नाव आणि दोषाचा पूर्ण तपशील लागतो, तो माझ्या फाइलीत आहे. आणि एक पक्कं धरा: खरी वैद्यकीय चाचणी रुग्णाकडून औषधाचे पैसे मागत नाही. 'स्टेम सेलने आरपी बरा' म्हणून दोन लाख मागणारा फोन मलाही आला होता.

तुमचा रिपोर्ट कोरा आला असेल तर प्रयोगशाळेकडे मूळ डिजिटल माहिती मागून पेन ड्राइव्हवर घ्या. वर्ष-दोन वर्षांनी तीच माहिती पुन्हा तपासली की कधी कधी उत्तर निघतं, नवं रक्त द्यावं लागत नाही.

रात्री स्कूटर चालवणं मी सोडलंय. छापखान्यात टेबल खिडकीशी घेतलंय, आणि मालकांनी कागद समोरून द्यायचा असा नियमच केलाय. धाकट्या भावाला दोष असण्याची शक्यता निम्मी आहे, त्याला दोन मुली आहेत. त्याने अजून चाचणी केलेली नाही. कारखान्याचा हंगाम संपला की बघू म्हणतो. मी त्याला समुपदेशकांचा नंबर दिलाय आणि पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलंय. माझी पुढची ओसीटी फेब्रुवारीत आहे.